घरमालकाने दिलेला शब्द आणि भाडेकरूचा हक्क

(मंडळाच्या मासिक सभेत एका निवृत्त दिवाणी वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. छापण्यापूर्वी त्यांनी तो स्वतः वाचून दिला आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही, कार्यवाहांनी दिला आहे. ते म्हणाले, "काका, दर सभेनंतर दोन-चार जण तुम्हाला चपलांच्या रॅकपाशी गाठून किरायेदाराचंच काहीतरी विचारत असतात. त्यापेक्षा एकदा सगळ्यांसमोरच बोला." म्हणून उभा आहे. इंदुरात इतकी वर्षं काढल्यामुळे भाड्याला किराया आणि भाडेकराराला किरायानामा म्हणायची सवय झाली आहे. पुण्याकडच्या पाहुण्यांनी सांभाळून घ्यावं.

सुरुवातीला हात वर करायला सांगतो. जे आज भाड्याच्या घरात राहतात त्यांनी हात वर करा. ठीक. आता ज्यांनी घराचा एखादा मजला, एखादी खोली भाड्याने दिली आहे त्यांनी करा. पाहा, काही हात दोन्ही वेळा वर गेले! मुलगा पुण्यात किरायेदार आणि वडील सुदामानगरात मकानमालक. आपल्या समाजाचं चित्र हेच आहे. आपले आजोबा-पणजोबा होळकरांच्या नोकरीत, शाळांत, गिरण्यांत आले ते किरायेदार म्हणूनच. राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांत दोन खोल्यांत संसार झाले. आता पुढची पिढी वरचा मजला भाड्याने देते. तेव्हा मी भाडेकरूच्या बाजूने बोललो तर मालकांनी रागावू नये, कारण पुढच्या वर्षी तुमचाच नातू हैदराबादला किंवा बंगळुरूला घर शोधत असेल.

आता मुद्दा. घर दाखवताना मालक काय काय सांगतो? आपल्या गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नर्मदा आहे ना?" बाहेरचा माणूस चक्रावतो, पण आपल्याला कळतं. १९७८ साली नर्मदेचं पाणी जलूदहून उचलून इंदुरात आलं, तेव्हापासून घराची किंमत त्या नळावर ठरते. ते पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून हौद हवा, छतावर टाकी हवी, मोटर हवी आणि उन्हाळ्यासाठी बोरिंग हवं. मालक म्हणतो, "सगळं आहे. लिफ्टचं काम दिवाळीपर्यंत होऊन जाईल. पार्किंग खाली करून देतो. स्वतंत्र मीटरचा अर्ज टाकलाच आहे." भाडेकरू सामान आणतो. दिवाळी येते आणि जाते.

अशा वेळी भाडेकरूच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की तू सोय देत नाहीस ना, मग मी भाडं देत नाही. हा विचार न्यायाचा वाटतो. माझ्या अनुभवात भाडेकरूची केस सगळ्यात जास्त वेळा ह्याच विचाराने बुडाली आहे.

एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगणार नाही. बाहेरगावाहून बदलीवर आलेलं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, एक मूल आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. तिसरा मजला, भाडं चौदा हजार. लिफ्टची जागा बांधलेली होती, लिफ्ट नव्हती. मालकाने दिवाळीचा शब्द दिला होता. आईला ड्रेसिंगसाठी न्यायचं तर मुलगा आणि शेजारचा पोरगा तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवायचे. पाण्याचं तेच. नर्मदेची लाईन होती, पण वरपर्यंत पाणी चढत नव्हतं आणि टँकरचे पैसे हाच भरत होता. चार-पाच वेळा तोंडी सांगून झालं. मग ह्याने भाडं थांबवलं. एक नाही, दोन नाही, पाच महिने.

मालकाने वकिलामार्फत थकबाकीची नोटीस पाठवली. ह्याने उत्तर दिलं नाही. का, तर "चूक त्यांची आहे, मी कशाला उत्तर देऊ?" आपल्याकडे लागू आहे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१. त्याच्या कलम १२ प्रमाणे मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी दिली किंवा देऊ केली नाही, तर घर खाली करून घेण्यासाठी मालकाला ते एक कारण मिळतं. दोन महिने गेले आणि दावा लागला. समन्स आलं. आता कलम १३. समन्स मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत थकलेलं भाडं कोर्टात भरायचं किंवा मालकाला द्यायचं, आणि पुढे दर महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरत राहायचं. नाही भरलं तर कोर्ट बेदखलीविरुद्धचा तुमचा बचावच काढून टाकू शकतं. म्हणजे लिफ्ट, पाणी, आईचा गुडघा, हे सांगायला तोंडच उरत नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. मी फाईल चाळली आणि विचारलं, "लिफ्टचं कुठे लिहून घेतलंत?" त्याने किरायानामा पुढे केला. त्यात लिफ्टचा शब्द नव्हता. उलट आपल्याकडे टायपिंगवाल्याच्या नमुन्यात असतं ते वाक्य होतं, की भाडेकरूने जागा प्रत्यक्ष पाहून पसंत केली असून सर्व सोयी चालू स्थितीत मिळाल्या आहेत. खाली त्याची सही. माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं. पण कागद त्याच्याविरुद्ध बोलत होता. शेवटी तडजोड झाली. भाडं पूर्ण भरलं, घर सोडलं, अनामत रकमेतला मोठा भाग गेला. आईला शेवटचं खाली उतरवलं तेही त्याच खुर्चीतून.

मग तो काय करू शकला असता? त्याच कलम १३ मध्ये पुढे एक तरतूद आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. भाडं किती देणं लागतं ह्यावरच वाद असेल, तर तुम्ही तसं म्हणणं मांडायचं आणि कोर्टाकडून तात्पुरतं वाजवी भाडं ठरवून घ्यायचं. दावा चालू असेपर्यंत तेवढं भरत राहायचं. वाद जिवंत राहतो आणि डोक्यावरचं छप्परही राहतं. पण हे मागावं लागतं, आणि तेही वेळेत.

भाडं अजिबात थांबवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, १९६६ चा. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या स्टीफन कोर्ट इमारतीतला फ्लॅट. ठरल्या होत्या तीन झोपायच्या खोल्या, त्यातली एक मालकाने ताब्यात दिलीच नाही. भाडेकरू म्हणाला, पूर्ण जागा मिळेपर्यंत मी काहीच देणं लागत नाही. न्यायालयाने सांगितलं की भाडं पूर्ण थांबवता येईल की प्रमाणात द्यावं लागेल, हे प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर अवलंबून असतं. ह्या माणसाने बाकीचा फ्लॅट वापरला आहे, तेव्हा त्या प्रमाणात भाडं द्यावंच लागेल. विचार करा, तिथे अख्खी खोली मिळाली नव्हती, तरी पूर्ण भाडं थांबवता आलं नाही. आपण लिफ्टसाठी आणि टाकीसाठी कुठे थांबवणार?

आता एक फरक नीट समजून घ्या, सगळा घोळ इथेच होतो. एक सोय तुम्हाला मिळत होती आणि मालकाने ती बंद केली, ही एक गोष्ट. आणि एक सोय देतो म्हणाला होता आणि कधी दिलीच नाही, ही दुसरी गोष्ट. दोन्हींत त्रास तोच, पण कायद्याचे रस्ते वेगळे.

पहिल्यासाठी आपल्या १९६१ च्या कायद्यात कलम ३८ आहे. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, सफाई, अशी भाडेकरू उपभोगत असलेली अत्यावश्यक सोय मालकाने पुरेशा कारणाशिवाय तोडायची नाही. तोडली तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. हा डेप्युटी कलेक्टरच्या खालच्या दर्जाचा अधिकारी नसतो. घर खाली करवण्यासाठी किंवा भाडं वाढवून घेण्यासाठी नळ तोडला आहे असं त्याला दिसलं, तर चौकशी पूर्ण होण्याआधीच पुरवठा चालू करा असा हुकूम तो देऊ शकतो. तेव्हा मालकांनो, "थांब, मोटरच बंद करतो" हे रागाच्या भरात म्हणा हवं तर, पण करू नका. आणि कुलूप बदलणं तर मुळीच नको. कायदा बाजूला ठेवून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. तिथे घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच विचारत नाहीत.

विजेबद्दल आणखी एक. मालक ना-हरकत पत्र देत नाही म्हणून भाडेकरूला मीटर मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं, की वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालकाची ना-हरकत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच वीज कंपनीने पाहायचं. २००३ च्या वीज कायद्यातही मालक 'किंवा भोगवटादार' असाच शब्द आहे. सबमीटर लावून मनाला येईल त्या दराने युनिट आकारणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आणि मालकाने महापालिकेचं पाण्याचं बिल भरलं नाही म्हणून नळ तुटायची पाळी आली तर? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १०८. जे पैसे भरणं मालकाला बंधनकारक आहे आणि न भरल्यास ज्यांची वसुली भाडेकरूकडून किंवा त्या मालमत्तेवर होऊ शकते, ते भाडेकरूने भरावेत आणि व्याजासह भाड्यातून वळते करावेत. दुरुस्तीचंही तसंच आहे. जी दुरुस्ती मालकाने करायलाच हवी ती नोटीस देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च वळता करू शकतो. मात्र आपल्या १९६१ च्या कायद्याने अशा वजावटीला वर्षाच्या भाड्याच्या प्रमाणात मर्यादा घातली आहे. तेव्हा प्लास्टर पडलं म्हणून सगळा बाथरूम नव्या टाइल्सचा करून बिल मालकाच्या नावाने फाडायचं, असं चालत नाही.

इथे वाड्यांच्या मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या वाड्यात दोनशे-तीनशे रुपये भाडं देणारा माणूस "जिना दुरुस्त करा" म्हणतो आणि जिन्याच्या सागवानाचा खर्च दहा वर्षांच्या भाड्याहून जास्त येतो. मालकही पेन्शनवर. मी असे दावे दोन्ही बाजूंनी लढलो आहे आणि खरं सांगतो, त्यात जिंकलेला कोणी पाहिला नाही. वाडा तेवढा पडलेला पाहिला.

आता दुसरी गोष्ट, जी सोय कधी दिलीच नाही. ही उपभोगत नव्हताच, तर कलम ३८ कसं लागेल? आणि नवी टाकी बसवणं, लिफ्ट लावणं ही दुरुस्तीही नव्हे. हा झाला शब्दाचा, कराराचा प्रश्न. इथे भाडेकरूला मिळतं ते करार कायद्याचं, म्हणजे शब्द मोडल्याने झालेलं नुकसान. टँकरच्या पावत्या, बाहेर गाडी लावायचे पैसे, असं मोजता येणारं नुकसान. घर घ्यायला लावण्यासाठी खोटी माहिती दिली असेल, तर करारातून बाहेर पडण्याचा हक्कही आहे. मग 'लॉक-इन'चं कलम दाखवून अनामत अडवणं मालकाला सोपं जात नाही. पण हे सगळं कशावर उभं आहे? शब्द दिला होता हे सिद्ध करण्यावर.

पुरावा कायद्याचा नियम असा, की करार लिहिला असेल तर त्याच्याविरुद्ध तोंडी बोलणं कोर्ट ऐकत नाही. जुन्या कायद्यात हे कलम ९१ आणि ९२ होतं, जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९४ आणि ९५ झालं. पण त्यात एक फट आहे आणि ती भाडेकरूच्या कामाची आहे. ज्या गोष्टीबद्दल कागद गप्प आहे आणि जी कागदातल्या अटींशी विसंगत नाही, तिच्याबद्दलचा वेगळा तोंडी करार सिद्ध करता येतो. किरायानाम्यात लिफ्टचा उल्लेखच नसता, तर माझ्या त्या अशिलाला निदान प्रयत्न करता आला असता. 'सर्व सोयी चालू स्थितीत मिळाल्या' ह्या एका ओळीने ती फट बुजवली. म्हणून सांगतो, सही करण्याआधी ती ओळ शोधा आणि पेनाने खोडायला लावा. ती खोडून तिथे हाताने लिहा: लिफ्ट अमुक तारखेपर्यंत, न झाल्यास भाडं दरमहा इतकं कमी. दोघांच्या सह्या. इतकंच. ह्यासाठी वकील लागत नाही.

अकरा महिन्यांचा करार का करतात, हेही लोक विचारतात. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे सुशिक्षितांनाही सांगावं लागतं. आणि मोबाईलवरचे निरोप पुसू नका. "लिफ्ट अगले महीने पक्का" असा मालकाचा निरोप पुरावा होऊ शकतो, फक्त तो कोर्टात देताना सोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. फोन बदलताना हे निरोप जपा. नातवंडांच्या फोटोंइतकेच जपा.

ग्राहक आयोगात जाता येईल का? नुसत्या भाड्याच्या घरासाठी नाही. मालक-भाडेकरू हे नातं सेवेचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. पण भंवरकुआँच्या बाजूला परीक्षांची तयारी करणारी आपली मुलं राहतात, जेवणखाण, वाय-फाय, सफाई असं सगळं धरून महिन्याचे पैसे भरतात, तिथे गोष्ट वेगळी. राहण्याजेवण्याची सोय ही त्या कायद्यात सेवा आहे. जाहिरातीचं पत्रक आणि पैसे भरल्याची पावती मात्र ठेवा.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत नको, असं आहे. चांगलं आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून मोबाईलवर त्याचे उतारे आले की लगेच मालकाच्या तोंडावर फेकू नका.

आता माझीच एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. सौभाग्यवती समोरच बसल्या आहेत, त्यामुळे तिखटमीठ लावता येणार नाही. तीन-चार वर्षांपूर्वी आम्ही वरचा मजला नोकरी करणाऱ्या एका मुलीला दिला. ती, तिची धाकटी बहीण. घर दाखवताना मी म्हणालो, "नर्मदा आहे ना, वरही मिळेल." मिळत नव्हती. वरची टाकी बोरिंगच्या पाण्याची, ते इतकं जड की डाळ शिजत नाही. वेगळी टाकी आणि छोटी मोटर लावली की झालं असतं. आज करू, उद्या करू. प्लंबर येतो म्हणायचा, यायचा नाही, आणि मला ते सोयीचंच होतं. मुली रोज खालून दोन बादल्या न्यायच्या. मी अंगणात पेपर वाचत बसलेलो असायचो.

एक दिवस पोस्टमन पत्र घेऊन आला. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर, पोस्टाने! मी भडकलो. जिना उतरून सांगता येत नव्हतं का? पत्र मात्र वाचण्यासारखं होतं. आवाज चढवलेला नव्हता. कुठल्या तारखेला मी काय कबूल केलं, त्यानंतर किती वेळा आठवण केली, पिण्याच्या पाण्याच्या जारचा खर्च किती. पुढे लिहिलं होतं: 'ह्या महिन्याचं भाडं पूर्ण जमा केलं आहे. पंधरा दिवसांत काम झालं नाही, तर आपल्या लेखी संमतीने मी टाकी आणि मोटर बसवून घेईन. खर्च चार महिन्यांच्या भाड्यातून समान हप्त्यांत वळता करण्यास मान्यता द्यावी.' खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली.

मी बायकोला म्हणालो, "बघ ही पोर, मला कायदा शिकवते." ती म्हणाली, "तुम्ही चाळीस वर्षं लोकांना हेच लिहायला सांगत होतात ना?"

कायद्याच्या दृष्टीने तिची बाजू तितकी पक्की नव्हती. नवी टाकी म्हणजे दुरुस्ती नव्हे, असं मी अडून बसू शकलो असतो. तिने माझी संमती न घेता पैसे कापले असते, तर ती थकबाकी ठरली असती आणि मी तिला नोटीस देऊ शकलो असतो. तिने ती चूक केली नाही. भाडं भरलं, मग मागितलं. मी खाली 'मान्य' लिहून सही केली. टाकी आठ दिवसांत बसली. चार महिने भाडं कमी आलं, आणि दर महिन्याला तिने पावतीवर वजावटीची रक्कम माझ्याकडून लिहून घेतली.

ती आता पुण्याला गेली. गेल्या उन्हाळ्यात फोन आला होता. तिथे नवीन घर घेतलंय भाड्याने, आणि तो मालक म्हणतो लिफ्ट दिवाळीपर्यंत होईल, तर करारात काय लिहू? मी तिला वाक्य सांगितलं, तिने लिहून घेतलं. मालकाने सही केली की नाही ते अजून कळलेलं नाही.

आता प्रश्न विचारा. फक्त मालक आणि किरायेदार एकाच घरातले असतील, तर दोघांनी एकदम उठू नये.